अधिक-उणे ऐंशी

भोर सरांना वेळ विचारली की ते दोन आकडे सांगत.

"अकरा वीस. मिनिटभर इकडं-तिकडं."

रोज सकाळी ते रेडिओच्या बातम्यांना घड्याळ लावून घेत, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. तरी ते मिनिटभर राहायचंच. प्रयोगशाळेचा शिपाई नामदेव एकदा म्हणाला, "रेडिओला लावलंय ना? मग मिनिट कशाचं ठेवताय?"

"सकाळी लावलं व्हतं. तवापासनं त्यानं काय काय केलं, मला काय ठावं?"

नामदेव त्यांच्या चहात साखर घालायचा तेव्हाही हेच चालायचं. "दोन चमचे, अर्धा इकडं-तिकडं," असं सर म्हणाले की तो चमचा हवेत धरून विचारी, "इकडं का तिकडं, एक काय ते ठरवा राव. म्हंजी मी सुटतो." आमच्या बॅचमधल्या ढमालेनं त्यांना चिडवायला विचारलं होतं, की सर, नारायणगाव स्टँडवरच्या शेअर जीपमध्ये माणसं किती बसतात? सर रोज शिनोलीहून मंचरला आणि मंचरहून नारायणगावला जीपनंच येत. त्यांनी प्रश्न नेहमीसारखा गंभीरपणे घेतला.

"चौदा. अधिक चार. उणे काय नसतंय त्यात."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी आकडा खरंच विचार करून दिला होता.

ते उंच होते आणि मानेतून किंचित पुढे वाकलेले. कानावर पेन्सिल. सूक्ष्मदर्शकातून बघून बघून डावा डोळा मिटायची इतकी सवय झालेली, की नोटीस बोर्डसुद्धा उजव्या डोळ्यानंच वाचत. आमच्या कॉलेजात ते डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे प्रयोग लावून देणारे, मुलांना दाखवणारे, जर्नल तपासणारे. आठ वर्षं ते तात्पुरत्या नेमणुकीवर होते. दर जूनला नवी ऑर्डर लागायची, दर एप्रिलला ती संपायची. मे महिन्यात ते कोण असत, असं ढमाले विचारायचा.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा, म्हणजे दोन हजारच्या आसपास, विभागात एक कायम जागा भरायची ठरली होती. मुलाखत परीक्षेनंतर होती आणि शब्द हेड सरांचा चालणार होता. विभागप्रमुखांना सगळे हेड सरच म्हणत. एका रिकाम्या खोलीतून त्यांनी ती प्रयोगशाळा उभी केली होती. कपाटावरच्या प्रत्येक डबीवर त्यांच्या गोल, सुंदर अक्षरातली चिठ्ठी होती. भोर सरांना जागा मिळणार हे नामदेवपासून सगळे धरून चालले होते. सर स्वतः मात्र काही बोलत नसत. विचारलं तर म्हणत, "ऑर्डर हातात आली की सांगतो."

मी त्यांच्याकडे बघत असायची, कारण मी बोलत नसे. माझे वडील नारायणगावात कापडाचं दुकान चालवतात. मला त्यांनी दहावीपर्यंत पुण्यात मावशीकडे ठेवून इंग्रजी शाळेत घातलं होतं. परत आले तेव्हा माझं मराठी घरातलं एक आणि पुस्तकातलं एक, असं दोन तुकड्यांचं झालं होतं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी अजूनही क्षणभर थांबते. बॅचमध्ये तेरा मुलं आणि मी एकटी मुलगी. तोंड उघडलं की कुणीतरी हळूच माझी नक्कल करायचं. त्यामुळे मी कोपऱ्यातलं तीन नंबरचं टेबल धरलं होतं आणि कामापुरतंच बोलायची.

पहिल्याच तासाला सरांनी मला सूक्ष्मदर्शकावरचं मोजमाप मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी अडखळले. मागे कुणीतरी खुसफुसलं.

"इंग्लिशमधी वाच," सर म्हणाले. "प्रकाशाला कुठली भाषा कळतीय?"

त्यांनी माझ्यावर केलेला हा पहिला उपकार. तो केल्याचं त्यांच्या लक्षातही नसेल.

प्रकाशाचे प्रयोग मागच्या अंधाऱ्या खोलीत चालत. खिडक्यांना काळे पडदे, आणि मध्ये सोडियमचा दिवा. त्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात बाकीचे रंग मरून जातात. लाल ओढणी काळी दिसते, माणसांचे चेहरे राखेचे होतात. त्या खोलीतला मोठा प्रयोग म्हणजे न्यूटनची वलयं. सपाट काचेवर एक किंचित फुगीर भिंग ठेवायचं, वरून पिवळा प्रकाश सोडायचा, की सूक्ष्मदर्शकात एकात एक काळी-पिवळी वलयं दिसतात. वलयांचा व्यास मोजायचा, भिंगाच्या गोलाईची त्रिज्या डबीवर लिहिलेली असते, आणि दोन्हींवरून पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी काढायची. ती साऱ्या जगाला ठाऊक आहे. ५८९३ अँगस्ट्रॉम.

ती ठाऊक आहे, हीच अडचण होती. आमच्याकडे त्या प्रयोगाला 'मागून करणं' म्हणत. उत्तर आधी लिहायचं, मग उलटं गणित करत वलयांच्या व्यासापर्यंत यायचं, आणि ते आकडे निरीक्षण म्हणून तक्त्यात भरायचे. एका जुन्या विद्यार्थ्याचं जर्नल त्यासाठी वर्षानुवर्षं हातोहात फिरत आलं होतं. त्याच्या कोपऱ्यांना तेल लागलेलं होतं, इतके हात.

भोर सरांना हे कळायचं. ढमालेनं एकदा दहा निरीक्षणं दाखवली, दहाही सारखी, तिसऱ्या दशांशापर्यंत.

"दहा येळा मोजलंस?"

"हो सर."

"आन दहाबी येळा हेच आलं?"

"हो सर."

"मग तू माणूस न्हाईस, छापखाना हायेस," सर म्हणाले आणि जर्नल त्याच्या पुढ्यात परत ठेवलं. "जा. फरक घेऊन ये. फरक आला म्हंजी मी समजंन की तू बघितलंस."

त्यांचं सगळं शिकवणं त्या फरकावर उभं होतं. एकच वलय दहा वेळा मोजा. दहा आकडे येतील. ते एकमेकांपासून किती लांब पडतात ते बघा, तेवढं तुमच्या हाताचं आणि यंत्राचं मिळून अज्ञान. तेच पुढे गणितातून उत्तरापर्यंत न्यायचं आणि उत्तरामागे लिहायचं, अधिक-उणे इतकं. "आकडा कुणीबी देतं," ते म्हणत. "कुठवर देतीस ते सांग." अधिक-उणे नसलेलं उत्तर ते तपासायचेच नाहीत. पेन्सिलीनं एक रेघ मारून वही बाजूला सारायचे.

आणि एक गोष्ट ते प्रत्येकाला, प्रत्येक वेळी सांगत. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू एकाच दिशेनं फिरवायचा. वलयाची कड चुकून ओलांडली तर थोडंसं मागे फिरून जुळवायचं नाही, कारण स्क्रूच्या आट्यांत जराशी मोकळीक असते. तुम्ही मागे फिरवता, पट्टीवरचा आकडा बदलतो, आणि आत काहीच हललेलं नसतं.

"फुडं गेलीस? मग पार मागं जा, आन परत ये. एका बाजूनं."

जानेवारीतल्या एका शनिवारी वलयांचा प्रयोग माझ्या वाट्याला आला. मी फरक घेऊन मोजलं. उत्तर आलं ५४२०, अधिक-उणे ८०. मला वाटलं माझंच चुकलं. पुढच्या शनिवारी पुन्हा केलं. ५४१०. तिसऱ्या शनिवारी ५४३०. मी तिन्ही कागद सरांच्या टेबलावर ठेवले.

सरांनी निरीक्षणं वाचली. मग स्वतः सूक्ष्मदर्शकावर बसले. डावा डोळा मिटला, एक श्वास थांबले, स्क्रू फिरवला. त्यांना अर्धा तास लागला. नामदेव चहा ठेवून गेला, तो निवला. सर शेवटी उठले तेव्हा त्या उजेडात त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही.

"हात चांगलाय तुझा," ते म्हणाले. "ऐंशी बरोबर हाय. ऐंशीच्या आत ५८९३ बसत न्हाई. म्हंजी चूक मोजण्यात न्हाई. जे मोजलं न्हाई, त्यात हाय."

त्यांनी भिंगाची डबी उचलली. वर हेड सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: त्रिज्या १०० सेंमी. सरांनी डबी उलटी केली. तळाला पेन्सिलीनं, अगदी बारीक, लिहिलेलं होतं: ९२ ± २.

ते अक्षर मला ओळखू आलं. माझ्या प्रत्येक वहीच्या समासात ते होतं.

"तीन वर्षं झाली," सर म्हणाले. "आधीचं भिंग फुटलं व्हतं. दुसरं आलं. डबी तीच ऱ्हायली, चिठ्ठी तीच ऱ्हायली. मी स्फेरोमीटर लावून मोजलं. लई येळा मोजलं."

स्फेरोमीटर म्हणजे तीन पायांचं छोटं उपकरण, भिंगाची गोलाई मोजायचं. ते कपाटात वरच्या फळीवर असायचं. मी काही विचारलं नाही. माझ्या स्वभावात ते नव्हतं. पण न विचारलेल्या प्रश्नाची जागा त्या खोलीत रिकामी राहिली, आणि ती त्यांनाच भरावी लागली.

"हेड सरांना सांगायचं म्हंजी काय सांगायचं? इतकी वर्षं सगळ्यांचं ५८९३ येतंय, ते चुकीच्या भिंगावर कसं आलं? मग सगळ्या वह्या निघणार. त्यांच्या सह्या हायेत त्यावर. माझ्याबी हायेत." ते थांबले. "आन दर जूनला ऑर्डर लागती, बाई."

मला त्यांनी आधी कधी बाई म्हटलं नव्हतं. मी कागद उचलले. दारापर्यंत गेले तेव्हा ते मागून म्हणाले, "जर्नलमधी काय लिहायचं ते तुझं तू बघ. मी कायबी सांगणार न्हाई."

मी जर्नलमध्ये ५४२० लिहिलं. सरांनी सही केली, शेरा दिला नाही. त्यानंतर आम्ही दोघं त्या डबीकडे बघायचं टाळू लागलो.

परीक्षेच्या आठवड्यात हेड सर प्रयोगशाळेत आले. मी टेबलं पुसत होते. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "भोर, यंदा तुमचं काम करून टाकू. बाहेरून येणारे परीक्षक कडक आहेत, पण आपली लॅब बघून खूश होतील. निकाल मात्र नीट येऊ द्या. मागच्या वर्षी वलयांचे सगळे ५८९३ च्या आसपास होते ना?"

"व्हते सर."

"तसेच येऊ द्या."

हेड सर वाईट नव्हते. ते जाताना माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "कटारिया, तू आमची हुशार मुलगी." सर कपाटातल्या डब्या सरळ करत राहिले. त्या आधीच सरळ होत्या.

परीक्षेला प्रयोग चिठ्ठीवर मिळतो. डब्यातून चिठ्ठी काढली, उलगडली, आणि वाचायच्या आधीच मला कळलं होतं. न्यूटनची वलयं, टेबल तीन. शेजारच्या टेबलावर ढमाले होता. त्यानं माझी चिठ्ठी तिरक्या नजरेनं बघितली आणि पुटपुटला, "नशीबवान. पाठच असंल."

वेळ तीन तास. परीक्षक बारीक चणीचे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. हेड सर त्यांच्या बरोबरीनं टेबलांमधून फिरत होते. भोर सरांना परीक्षेत फक्त उपकरणं लावून द्यायचा अधिकार होता. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले होते, हात गुडघ्यांवर.

डबीवरची चिठ्ठी नवी होती. जुनी पिवळी पडलेली काढून हेड सरांनी परीक्षेसाठी सगळ्या चिठ्ठ्या स्वतः नव्यानं लिहिल्या होत्या. त्रिज्या १०० सेंमी.

मी वलयं जुळवली. बाराव्या वलयाची कड ओलांडली गेली. मी पार मागे गेले आणि परत आले, एका बाजूनं. मग वीज गेली. दिवा विझला, सगळी खोली काळी झाली आणि कुणीतरी म्हणालं, लोडशेडिंगला आजचाच दिवस. जनरेटर चालू होऊन दिवा पुन्हा तापेपर्यंत माझी वीस मिनिटं गेली. त्या अंधारात मी एकच विचार करत होते. सूक्ष्मदर्शकात काय येणार ते मला माहीत होतं.

दीड तासानं गणित झालं. ५४२०, अधिक-उणे ८०.

हे लिहिलं की परीक्षक विचारणार, इतका फरक का? मला उत्तर माहीत होतं. मी ते सांगितलं तर हेड सरांना पहिला प्रश्न पडणार, हिला कुणी सांगितलं? उत्तर दाराजवळच्या स्टुलावर बसलेलं होतं. आणि मागून करायचं म्हटलं तर ते सोपं होतं. जुन्या जर्नलमधले आकडे ढमालेला तोंडपाठ होते, विचारले असते तर त्यानं कुजबुजून दिलेही असते. पण तीन वर्षं ज्यांच्याकडून मी फरक शिकले, त्यांच्यासमोर मी ते आकडे लिहू शकत नव्हते. त्यांना वाचवण्यासाठीसुद्धा नाही.

मी तिसरा रस्ता काढला. निरीक्षणं खरी ठेवली. उत्तर खरं ठेवलं. आणि अधिक-उणेच्या पुढे ८० च्या जागी ५०० लिहिलं.

५४२० अधिक पाचशे, ५९२०. त्यात ५८९३ आरामात बसतं. कुणी खोटं नाही, कुणी चुकलेलं नाही. मला माझ्या हुशारीचं त्या क्षणी बरंही वाटलं. खोटं सांगते आहे नक्की, पण फक्त माझ्याच हाताबद्दल.

परीक्षक आले. त्यांनी कागद बघितला, भुवया उचलल्या. "उत्तर जरा लांब आहे."

हेड सर वाकले. क्षणभर त्यांचा श्वास माझ्या कानाशी थांबला. मग ते म्हणाले, "पण मर्यादेत बसतंय. अधिक-उणे पाचशे दिलंय तिनं. सावध मुलगी आहे. आणि मध्ये वीज गेली होती."

"हं," परीक्षक म्हणाले. "मायक्रोस्कोपचं काम जमलेलं दिसत नाही, पण प्रामाणिकपणे लिहिलंय." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ढमालेच्या टेबलावरची वायर बघायला म्हणून भोर सर तेवढ्यात आत आले होते. ते माझ्या मागून जाताना थांबले. मला त्यांच्याकडे वळून बघायची हिंमत झाली नाही. कागदावर त्यांची सावली पडली होती.

"पाचशे?" ते म्हणाले.

ते कागदावर आणखी वाकले.

"कटारिया, तुझा हात पाचशेचा हाय?"

मी मान खाली घातली. परीक्षकांनी विचारलं, "काय झालं?"

"भोर," हेड सर हळू आवाजात म्हणाले, "परीक्षा चालू आहे."

"व्हय सर." सर जागचे हलले नाहीत. मग परीक्षकांकडे वळून त्यांनी अगदी साध्या आवाजात, वेळ सांगताना सांगत तसं, सांगितलं, "ही पोरगी ऐंशीच्या पुढं जात न्हाई. मी तीन वर्षं बघतोय. तिची निरीक्षणं बघा, दहा आकडे किती जवळ पडलेत ते. उत्तर लांब हाय ते तिच्यामुळं न्हाई. भिंगाची त्रिज्या शंभर न्हाई. ब्याण्णव हाय. दोन इकडं-तिकडं."

ढमालेनं पेन खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला.

"तुम्ही मोजली?" परीक्षक.

"मोजली."

"केव्हा?" हे हेड सरांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली, सर."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"न्हाई सांगितलं. ती माझी चूक. तिची कशाला व्हावी?"

परीक्षकांनी भिंग मागितलं. नामदेवनं वरच्या फळीवरून स्फेरोमीटर काढून दिला. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मोजलं, दोनदा. मग डबी उचलली, नवी चिठ्ठी वाचली आणि का कोण जाणे डबी उलटी केली. तळाचं पेन्सिलीतलं त्यांनी वाचलं आणि ते हेड सरांना दिसेल अशा बेतानं डबी टेबलावर ठेवली. माझ्या कागदाच्या समासात त्यांनी नवं गणित केलं.

"५८९१," ते म्हणाले. "अधिक-उणे ऐंशी."

"ऐंशी न्हाई आता," भोर सर म्हणाले. "भिंगाचंबी दोन येणार त्यात. एकशेसाठ धरा."

परीक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. मग त्यांनी ऐंशी खोडलं, एकशेसाठ लिहिलं आणि सही केली. हेड सरांनीही केली. त्यांचं पेन कागदावर जरा जास्त वेळ टेकलेलं राहिलं, तिथे शाईचा ठिपका आहे.

मला चांगले मार्क पडले. मी पुढे पुण्याला एम.एस्सी.ला गेले.

त्या दिवशी संध्याकाळी सर कॉलेजच्या फाटकाशी जीपची वाट बघत उभे होते. मला माफी मागायची होती, इंग्रजीत तिची सगळी वाक्यं तयार होती. मी जवळ गेले.

"कुणाला सांभाळायला लिहिलंस, ते कळलं मला," सर म्हणाले. ते रस्त्याकडे बघत होते. "पण असं परत लिहू नको. मेहनतीनं ऐंशीवर आणलेला हात. तो कुणासाठी पाचशे करायचा नसतो."

जीप आली. आत चौदा होते. सर पंधरावे होऊन मागच्या फळीवर उभे राहिले.

जूनमध्ये त्यांना ऑर्डर लागली नाही. कायम जागेची मुलाखत झाली आणि दुसरं कुणीतरी आलं. कुणी भांडलं नाही, कुणी कारण दिलं नाही. नामदेवनं मला हे दुकानात सांगितलं. मुलीसाठी ड्रेसचं कापड घ्यायला आला होता. म्हणाला, "चहाची साखर आता मापात जाती. मजा न्हाई." मग म्हणाला, डबीवर हेड सरांनी पुन्हा नवी चिठ्ठी लावलीय, ब्याण्णवची. मी विचारलं, पुढे अधिक-उणे दोन लिहिलंय का? त्याला आठवत नव्हतं. नंतर मी एका ज्युनिअर मुलीला बघायला सांगितलं. लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर मी सरांना एकदाच बघितलं. सहा-सात वर्षांनी. घरच्यांबरोबर भीमाशंकरहून परतत होतो. संध्याकाळची वेळ, अजून उजेड होता. शिनोलीत ड्रायव्हरनं टायर बघायला गाडी थांबवली. रस्त्यापलीकडे दूध संकलन केंद्र होतं, कॅन घेऊन उभी असलेली माणसं आणि बायका. टेबलामागे भोर सर. मान जास्त वाकली होती, केस पांढरे झाले होते. पेन्सिल कानावर होती.

मी काच खाली केली. उतरले नाही.

एका बाईच्या दुधाची पाळी होती. लॅक्टोमीटर, दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी, दुधात तरंगत होता. रांगेतला मागचा माणूस वाकून बघून मोठ्यानं म्हणाला, "चोवीसला आलाय. पाणी हाय की ओ यात."

बाईचा चेहरा उतरला. "पाणी न्हाई वं घातलं. आत्ताच धार काढली, तशीच आली."

"आता सगळे असंच म्हणत्यात. लिवा मास्तर, चोवीस लिवा. आमालाबी घरला जायचंय."

सर नळीशी डोळा येईल इतके वाकले. डावा डोळा मिटला. एक श्वास थांबले. मग त्यांनी लिहिलं नाही. हात कॅनच्या अंगाला लावला, तळव्यानं, ताप बघावा तसा.

"गरम हाय," ते म्हणाले. "गरम दुधात हे खालीच जातंय. तिच्यावर कशाला घालता?"

"मग आता?"

सरांनी कॅन उचलून पाण्याच्या हौदात ठेवला आणि वहीतल्या बाईच्या नावापुढची जागा कोरी ठेवून पुढच्या माणसाला हातानं बोलावलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बाई हौदाच्या कडेला, कॅनवर हात ठेवून उभी होती.

"निवू द्या," सर म्हणत होते. "निवू द्या. मग परत बघू."